जत्रेतल्या बैलगाडा शर्यतीत बैलांचे हाल कसे थांबवायचे?

प्रश्न: शिळफाट्याकडच्या आमच्या गावच्या जत्रेत शर्यत होते. सुटताना बैलांना पराणी टोचतात, शेपटी पिरगाळतात, चावतातसुद्धा. शर्यतच बंद करता येईल का?

उत्तर १: सरसकट बंदी आता नाही. 18 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देणारी महाराष्ट्राची कायदादुरुस्ती वैध ठरवली. पण जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागतेच. धाव 1000 मीटरच्या आत हवी; काठी, चाबूक, पराणी, विजेचा झटका, सगळ्याला मनाई. परवानगीची प्रत आधीच मागा. माहिती अधिकारात 30 दिवस जाऊ शकतात, म्हणून जत्रेच्या दीड महिना आधी अर्ज टाका.

उत्तर २: पुराव्यातच प्रकरणं पडतात. मारहाण बहुतेक सुटतानाच होते, म्हणून कॅमेरा तिथे लावा, शेवटच्या रेषेवर नव्हे. गाड्याचा क्रमांक आणि हाकणाऱ्याचा हात एकाच चौकटीत यायला हवा. मूळ फाइल जपा; व्हॉट्सॲपवरून पाठवली की आकार घटतो, चित्रणाची तारीख-वेळ निघून जाते. लगेच 112 ला फोन करा आणि पशुवैद्यकाकडून त्याच दिवशी तपासणी मागा. शेपटीच्या मणक्यांची सूज, पुठ्ठ्यावरच्या (मागच्या मांसल भागावरच्या) टोचल्याच्या बारीक खुणा नंतर दिसेनाशी होते.

उत्तर ३: तक्रारीआधी जत्रा कमिटीशी बोला, नाहीतर गाव दोन तट होऊन बसतं. बक्षिसाची रक्कम तीच ठेवून उत्तम निगेच्या जोडीची स्पर्धा सुचवा: खांद्यावर जुवाचा घट्टा नको, वेसणीच्या भोकाला जखम नको, खूर कापलेले हवेत, शेपटी सरळ हवी. परीक्षक मात्र बाहेरचा पशुवैद्यक आणा. गावचा असला की भावकी आड येते.