साधे खारे वेफर्स की मसाला? नाशिककरांनो, बाजू घ्या

पंचवटीकर
माझं मत सरळ आहे. वेफर्स खायचे तर साधे खारे. बटाटा, तेल, मीठ. बाकी सगळे फ्लेवर म्हणजे बटाट्याची चव झाकायची सोय. नाशकात अजूनही कढईतून काढून सुटे वेफर्स तोलून देणारी दुकानं आहेत आणि आपण मात्र निळं पाकीट की हिरवं यावर भांडतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

खाऱ्या वेफर्समध्ये काही लपत नाही. तेल जुनं असलं की पहिल्याच घासाला कळतं. बटाटा शीतगृहातला असला की रंगच सांगतो. फार थंडीत ठेवलेल्या बटाट्यात स्टार्चची साखर होते आणि तळताना ती लालसर होऊन करपते. म्हणून पावसाळ्यात कडेने तपकिरी, किंचित कडवट वेफर्स मिळतात आणि फाल्गुन-चैत्रात नवा बटाटा आला की छान फिकट निघतात. चांगला वेफर्सवाला काप धुताना घाई करत नाही. पाणी गढूळ व्हायचं थांबेपर्यंत धुतो, म्हणजे वरचा स्टार्च जातो आणि काप एकमेकांना चिकटत नाहीत. मग तेलातले बुडबुडे बसायची वाट बघतो. ते बुडबुडे म्हणजे बटाट्यातलं पाणी, आणि कच्च्या बटाट्यात ८० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. ते गेलं की तेल शांत होतं आणि झारा फिरवल्यावर खडखड आवाज येतो. गरम असतानाच मीठ भुरभुरायचं, झालं. चार किलो बटाट्याचे जेमतेम किलोभर वेफर्स होतात. एवढ्या कष्टाच्या मालावर आमचूर आणि साखर कशाला?

कॉलेज_रोड
पूर्ण असहमत. मसाला म्हणजे झाकणं, हे कुठून आलं? भेळ आपण कुरमुऱ्यांच्या चवीसाठी खातो का?

मॅजिक मसाला खाताना नीट लक्ष द्या. आधी आंबट-गोड लागतं, मग तिखट चढतं, कांदा-लसूण मागे रेंगाळतो आणि शेवटी बोटांना राहिलेलं चाटायचं. हे जमवून आणणं सोपं नाही. लेज १९९० च्या दशकात भारतात आलं, आणि परदेशी कंपनी असूनही इथल्या जिभेसाठी वेगळा मसाला करणं तिला भाग पडलं. जगभर हेच झालंय. जपानमध्ये नोरी म्हणजे समुद्री शेवाळ आणि मीठ, कॅनडात केचप, जर्मनीत पाप्रिका, ब्रिटनमध्ये मीठ-व्हिनेगर. प्रत्येकाने आपली चव बटाट्याला लावली. काळ्या मसाल्याच्या मिसळीवर वाढलेल्या शहराने मसाल्याला नावं ठेवावीत, हे मला पटत नाही.

लासलगावकर
तुम्ही दोघं भांडा, माझं मत क्रीम अँड ओनियनला. आपल्या जिल्ह्याने कांद्याची बाजू घ्यायची नाही तर कोणी घ्यायची?

आणि इतिहासही कांद्याच्याच बाजूने आहे. पूर्वी ब्रिटनमध्ये स्मिथ्स कंपनीच्या पाकिटात निळ्या कागदाची मिठाची पुडी यायची, ती उघडून आपली आपण भुरभुरायची. चवीच्या वेफर्सची खरी लाट आयर्लंडमधून आली. १९५४ साली डब्लिनला जो मर्फी यांनी टायटो कंपनी काढली आणि त्यांचा गाजलेला फ्लेवर होता चीज आणि कांदा. नुसता कांदा तिखट लागतो, त्याला दुधाचा गोडवा मिळाला की तो गोल होतो. क्रीम अँड ओनियनमध्ये तेच आहे.

अंबड_एमआयडीसी
लासलगावकर, भावना समजली, पण त्या पाकिटातला कांदा बहुतेक आपला नसतो. कांद्याची पूड करायला पांढरा कांदा लागतो. त्यात घनपदार्थ जास्त, म्हणजे सुकवल्यावर उतारा चांगला पडतो, आणि पुडीचा रंगही पांढरा राहतो. गुजरातमधलं महुवा हे कांदा सुकवण्याचं मोठं केंद्र आहे, आपल्या राज्यात जळगावला हे काम चालतं. लासलगावच्या बाजारात येणारा लाल आणि उन्हाळ कांदा भाजी-आमटीचा राजा आहे, पण पुडीसाठी तो कारखानदाराच्या पहिल्या पसंतीचा नाही.

लासलगावकर
हे मला ठाऊक आहे, आणि माझं दुखणं तेच आहे. भाव पडला की कांदा रस्त्यावर ओतायची पाळी येते. मग पांढऱ्या कांद्याचं थोडं क्षेत्र आणि सुकवणीचे छोटे कारखाने इथे का नकोत? वेफर्सचा फ्लेवर हा काही पोरखेळ नाही, त्यामागे शेतकऱ्याचा माल आहे. फक्त कराराचा कागद नीट वाचून. २०१९ मध्ये लेजच्या वेफर्ससाठी वापरतात त्या एफसी-५ जातीचा बटाटा लावला म्हणून गुजरातच्या काही शेतकऱ्यांवर लेजची कंपनी पेप्सिकोने दावे लावले होते, काहींकडे प्रत्येकी १ कोटीहून जास्त रक्कम मागितली होती. देशभर ओरड झाली तेव्हा दावे मागे घेतले. बटाट्याची जात कोणाची, हा प्रश्न एका पाकिटात एवढा मोठा दडलेला असतो.

कॉलेज_रोड
हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

सिन्नरची_लेक
पंचवटीकर दादा, तुमचं साधेपणाचं म्हणणं मान्य, पण तुमचे कढईतले वेफर्सही दुसऱ्या नंबरवर. पहिला नंबर वाळवणाच्या वेफर्सचा.

आमच्याकडे किसणी पाण्याच्या पातेल्यावरच धरतात, म्हणजे काप थेट पाण्यात पडतो आणि काळा पडत नाही. मग तुरटी फिरवलेल्या पाण्यात रात्रभर. सकाळी मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात टाकायचे आणि डोळ्यात तेल घालून बघायचं. काप कडेने काचेसारखा दिसायला लागला की त्याच क्षणी उपसायचा. जरा उशीर झाला की सुती साडीवर पसरताना मोडतो, आणि लवकर काढला तर वाळल्यावर मधे पांढरा ठिपका राहतो आणि तळल्यावर तिथे दातांना कडक लागतो. गच्चीवर चांगलं ऊन मिळालं, काप कडकडीत वाळले, की डब्यात भरून वर्षभर. नवा बटाटा आणि कडक ऊन एकाच वेळी येतात म्हणून हे काम उन्हाळ्यातच होतं. दादा, तुम्ही साखरेचं जे सांगितलंत ते आमच्या आज्यांना वेगळ्या भाषेत माहीत होतं: जुन्या बटाट्याचे वेफर्स लाल होतात, घालू नका.

आणि एकादशीला तुमचं मसाल्याचं पाकीट कोण उघडणार? कांदा-लसूण आहे त्यात.

पंचवटीकर
ताई, वाळवणाला माझा नमस्कार. पण तो शिजवून वाळवलेला बटाटा, त्याचा कुरकुरीतपणा वेगळा, जरा जाड. कच्चा काप सरळ तेलात गेला की जो पातळ, काचेसारखा मोडणारा वेफर निघतो तो वाळवणात येत नाही. उपवासाला तुमचे, रोजच्याला माझे.

खानदेशी_इंदिरानगर
बटाट्यातून बाहेर या. कच्च्या केळ्याचे मिरीवाले वेफर्स कोणी घेतच नाही? जळगावचं केळं जवळ आहे आपल्याला. आणि त्यात मीठ वरून भुरभुरत नाहीत. मीठ-हळदीचं पाणी सरळ तापलेल्या तेलात सोडतात, कढई एकदम उसळते, नवखा माणूस मागे सरकतो. पाणी उडून जातं, मीठ प्रत्येक कापात बसतं. वरून टाकलेलं मीठ पिशवीच्या तळाला जातं, हे जात नाही. बटाटेवाल्यांनी याचं उत्तर द्यावं.

अंबड_एमआयडीसी
चवीवर एवढं चाललंय म्हणून एक भर घालतो. ऑक्सफर्डचे संशोधक चार्ल्स स्पेन्स आणि त्यांचे सहकारी झँपिनी यांनी लोकांना हेडफोन लावून वेफर्स खायला दिले आणि चावण्याचा आवाज कमीजास्त केला. आवाज मोठा आणि खणखणीत केला की तेच वेफर्स लोकांना जास्त ताजे वाटले. २००८ मध्ये त्यांना या कामासाठी इग नोबेल, म्हणजे गमतीदार वाटणाऱ्या पण खऱ्या संशोधनाला देतात ते पारितोषिक, मिळालं.

दुसरी गोष्ट डब्यात मिळणाऱ्या प्रिंगल्सची. त्यात बटाटा निम्म्याहूनही कमी, ४२ टक्के. ब्रिटनमध्ये बटाट्याच्या वेफर्सवर कर लागतो म्हणून कंपनीने कोर्टात सांगितलं की आमचा माल त्यात मोडतच नाही. २००९ मध्ये अपील कोर्टात कंपनी हरली.

पंचवटीकर
आवाजाचं वाचून बरं वाटलं. ताजेपणा कानाला कळतो, मग मसाल्याची गरज काय उरली?

कॉलेज_रोड
ताजेपणाचंच बोलायचं तर पाकीटच जिंकतं. पाकिटात फुगलेली असते ती नुसती हवा नाही, नायट्रोजन असतो. ऑक्सिजन नाही म्हणून तेल खवट होत नाही, आणि उशी असल्यामुळे चुराही कमी होतो. तुमचे सुटे वेफर्स साध्या पिशवीत, तेही पावसाळ्यात, किती टिकतात? लगेच मऊ पडतात आणि मग खवट वास येतो.

तरी मी एक सुचवते. गरम सुटे वेफर्स घ्या आणि मसाला घरी करा: आमचूर, लाल तिखट, भाजक्या जिऱ्याची पूड, काळं मीठ, चिमूटभर पिठीसाखर. मिक्सरमधून अगदी बारीक काढायचा, भरड राहिला तर चिकटत नाही. वेफर्स गरम असताना, त्यांच्यावर तेलाची चकाकी असते तेव्हाच टाकायचा.

लासलगावकर
त्यात पांढऱ्या कांद्याची पूड हवी. काप कडकडीत उन्हात वाळवून घरी दळता येते. काळं मीठ मात्र काढा, ते सगळ्यावर चढून बसतं.

कॉलेज_रोड
काळं मीठ काढलं तर मग राहिलं काय? चिमूटभर तरी हवंच.

पंचवटीकर
मसाला वेगळ्या वाटीत ठेवा. ज्याला हवा त्याने लावून घ्यावा. माझ्या कापांवर फक्त मीठ.