कॅप्टन स्टॅन्ली आणि ती चिठ्ठी

‘जुन्या मालिकांतून नेतृत्व शिकायचं म्हणजे नुसतं स्मरणरंजन’ असं काही जण म्हणतात; ते मत मला अर्धंच पटलं. एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर १९७२ ते १९७७ मध्ये लागणारी ‘इमर्जन्सी!’ ही मालिका घ्या. लॉस एंजेलिस काउंटीचं अग्निशमन केंद्र, स्टेशन ५१. (त्यातला इंजिन चालवणारा माइक स्टोकर प्रत्यक्षातही फायरमनच होता, म्हणून हातातलं काम खोटं वाटत नाही.) भोंगा वाजतो, सगळे गाड्यांकडे पळतात. कॅप्टन स्टॅन्ली मात्र भिंतीपाशी थांबून पत्ता कागदावर उतरवतो, रेडिओवर पोच देतो, चिठ्ठी रॉय या पॅरामेडिकच्या (जागेवरच उपचार करणाऱ्याच्या) हातात ठेवतो आणि मगच इंजिनात चढतो. आरडाओरडा नाही, भाषण नाही. मला तरी नेतृत्व त्या काही सेकंदांत दिसतं. आगीत उडी मारणारा नायक काय, कुणीही दाखवतं!

फायरमन चेटच्या खोड्यांनी रॉयचा जोडीदार गेज कायम वैतागलेला असतो, पण भोंगा वाजला की भांडण तिथेच टेबलावर राहतं.

बाकी जुन्या मालिकांवरचा आक्षेप मान्य आहे. स्टेशनात सगळे पुरुषच, त्यामुळे मालिका आहे तशी आजच्या नव्या भरतीपुढे ठेवायला मीही कचरेन. तो चिठ्ठीचा प्रसंग मात्र जरूर दाखवेन.