दुर्बीण घ्यावी का आधी नेटवर शिकावं?

परळीकर: पोरगं आठवीत आहे, आकाशाचं लै वेड लागलंय, रोज गच्चीवर विचारतं पप्पा ते चमकायलंय ते काय, अन् मला काय सांगावं कळंना. दुर्बीण घेऊ का? हॅम रेडिओचं (हौशी लोक वायरलेसवर आपसांत बोलतात ते) पण विचारायलंय.

गच्चीवरचा: दुर्बीण राहू द्या दादा. मी घाईत स्वस्तातली घेतली, स्टँड इतका हलतो की गुरू सापडला की पळालाच, आता माळ्यावर पडलीय. स्टेलॅरियम टाका, आकाशात कुठला तारा-ग्रह कुठंय ते दाखवणारं ॲप, फुकट आहे, परळी सेट करा अन् फोन घेऊन पोराबरोबर उभं राहा. १०×५० ची (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगाची) बायनॉक्युलर भिंतीला टेकवून धरली तर गुरूचे चंद्र दिसतात. स्पेस स्टेशन कधी जाणार ते हेवन्स-अबव्ह या वेबसाइटवर बघा.

खरखर: हॅमसाठी नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर (नेटवरून चालवायचा रेडिओ) उघडा, ब्राउझरमधेच शॉर्टवेव्ह, म्हणजे लांबलांबचे रेडिओ, ऐकू येतं, ७ मेगाहर्ट्झच्या आसपास फिरवत बसा, हॅमवाले तिथं असतात. बोलायचं तर परीक्षा देऊन लायसन लागतं, वय १२ पूर्ण पाहिजे, म्हणजे तुमचं पोरगं बसतंय.

परळीकर: काल स्टेशन दिसलं!! पोरगं ओरडलं तर शेजारचे पण बाहेर आले, त्यांना वाटलं साप निघाला.