१८० घरं, ५०० एमबीपीएस: जीबीची मर्यादा घालू की अनलिमिटेडच ठेवू?

डोंगरपट्टा, धारूर

नमस्कार मंडळी. धारूरच्या डोंगरपट्ट्यात पाच गावांना वायरलेस नेट देतो. लीजलाइन (कंपनीकडून भाड्यानं घेतलेली नेटची मुख्य लाइन) केजला उतरते, तिथून डोंगरावरच्या टॉवरला लिंक, टॉवरवर सेक्टर अँटेना (एकेका दिशेच्या सगळ्या घरांना मिळून एक), घरांवर डिश. १८० कनेक्शन, अपलिंक (त्या मुख्य लाइनचा वेग) ५०० एमबीपीएस. प्लॅन एकच: ३० एमबीपीएस, ५०० रुपये, अनलिमिटेड.

दिवसा २०० च्या वर जात नाही. रात्री आठ ते साडेदहा मात्र ग्राफ ५०० ला टेकून सपाट होतो आणि फोन सुरू: "दादा, व्हिडिओ नुसता फिरायलाय." अपलिंक वाढवायची तर खर्च ५०० रुपयांच्या प्लॅनमधून निघत नाही. भागीदार म्हणतो, महिन्याला ३०० जीबी ठेव, पुढं वेग कमी कर.

मला ते पटत नाही, कारण जास्त वापर कुणाचा ते मी काढून बघितलं. वरच्या दहा घरांतली सहा ऊसतोडीला जाणाऱ्यांची आहेत. दसरा-दिवाळीनंतर आईबाप कारखान्यावर, घरी आजी-आजोबा आणि दोन-तीन भावांची मिळून पाच-सहा लेकरं. टीव्ही नेटवर, शाळेचे व्हिडिओ मोबाइलवर, आणि रात्री कोपीवरून (कारखान्यावरच्या झोपडीतून) आईचा व्हिडिओ कॉल. महिन्याला ७००-८०० जीबी. ३०० ची मर्यादा लावली तर बारा तारखेलाच संपेल. ज्या घरात आईबाप नाहीत त्याच घराचं नेट मी आधी हळू करायचं? हे माझ्याच्यानं होणार नाही. पण मग रात्रीचं काय करायचं? ज्यांनी दोन्ही करून बघितलंय त्यांनी सांगा.

औसा नेटवाला

भाऊ, मी मर्यादा लावलेली आहे आणि काढणार नाही. ४०० जीबी, पुढं ४ एमबीपीएस. कारण वेगळं आहे: आमच्याकडं एक कनेक्शन घेऊन भिंतीवरून वायर टाकत तीन-चार घरं चालवायचे. मर्यादा आल्यावर त्यातल्या बऱ्याच जणांनी आपापलं घेतलं. आणि यात लपवायचं काही नाही. जिओफायबर, एअरटेलच्या 'अनलिमिटेड'लाही महिन्याला ३३०० जीबीची हद्द आहे, एअरफायबरला (त्यांच्या वायरलेस नेटला) १००० ची.

फक्त नियम बघून करा. ऑक्टोबर २०१६ च्या ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) निर्देशाप्रमाणे मर्यादा संपल्यावरही वेग ५१२ केबीपीएसच्या खाली नेता येत नव्हता, आणि २०२३ पासून तर ब्रॉडबँडची व्याख्याच किमान २ एमबीपीएस झाली. त्याच्या खाली कुणाला ठेवूच नका. मर्यादा किती, पुढं वेग किती, हे पावतीवर मराठीत छापा.

सेनगाव लिंक

औसाकरांचं शेजारवाटपाचं दुखणं खरं आहे, पण धारूरच्या दादांचं दुखणं ते नाही. एक हिशोब मांडतो. १ एमबीपीएस महिनाभर अखंड चालला तर साधारण ३२४ जीबी होतात. म्हणजे तुमचं ८०० जीबीवालं घर सरासरी अडीच एमबीपीएस खातं, आणि त्यातलं बरंच दुपारी, जेव्हा तुमची ३०० एमबीपीएस लाइन रिकामी पडलेली असते. त्या जीबीचा तुम्हाला एक रुपयाही जास्त लागत नाही. पैसे लागतात ते रात्री नऊच्या एमबीपीएसला. ६० जीबीवाला माणूस रोज फक्त नऊ ते दहा मॅच बघत असेल तर तुमच्या अपलिंकवर त्याचा भार तेवढाच आहे. जीबीची मर्यादा त्याला हातही लावत नाही.

म्हणून रात्रीची वाटणी करा. केजच्या राउटरवर ४८० एमबीपीएसला रांग बांधा, म्हणजे डेटा रांगेनं सोडा (५०० च्या थोडं खाली, म्हणजे गर्दी तुमच्या हातात राहते) आणि दर घराला सारखा वाटा द्या. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरवर पीसीक्यू नावाची वाटणीची रांग जमते, त्यात राउटरओएस ७ हे सॉफ्टवेअर असेल तर केक नावाची रांग आणखी चांगली. १८० च्या १८० घरं एकाच क्षणी भिडली तरी प्रत्येकाला अडीच एमबीपीएसच्या पुढं मिळतं. कॉल तुटत नाही. एचडी टीव्ही एक पायरी खाली येतो, एवढंच.

दुसरं म्हणजे सेक्टर बघा. कडुलिंबाआडून कसाबसा सिग्नल घेणारी डिश क्यूपीएसके या हळू पद्धतीवर चालते, एका सिम्बॉलला (सिग्नलच्या एका ठोक्याला) २ बिट. समोर दिसणारी डिश २५६ क्यूएएम या वेगवान पद्धतीवर, ८ बिट. तेवढाच डेटा द्यायला पहिलीला किमान चौपट वेळ हवेत जातो आणि तो वेळ सगळ्या सेक्टरचा असतो. पावसाळ्यात पाला वाढला की आणखी बिघडतं. जास्त जीबीवाला शोधण्याआधी अशा डिशचा एकेक पाइप उंच करा. आमच्याकडं सगळ्यात जास्त फरक यानंच पडला.

ग्राहक, वडवणी

मी नेट विकत नाही, वापरतो. मोबाइलवर रोजच्या दीड जीबीत जगलेली माणसं आहोत आम्ही. घरी डिश बसवली ती जीबी मोजायचं बंद व्हावं म्हणून. आमच्या नेटवाल्यानं मर्यादा लावल्यापासून वीस तारीख उलटली की मुलीला "व्हिडिओ लावू नकोस" म्हणावं लागतं, आणि ती नीटचा अभ्यास करते. रात्री जरा हळू चालेल असं तोंडावर सांगा, आम्ही ऐकून घेऊ.

डोंगरपट्टा, धारूर

सगळ्यांचे आभार. मर्यादा लावत नाही. ३० एमबीपीएस राहील, पण पावतीवर छापणार: रात्री आठ ते अकरा गर्दीत वेग सगळ्यांना सारखा वाटला जाईल. शेजारी वायर टाकणाऱ्यांना त्या वाटणीत एकाच घराचा हिस्सा मिळणार, त्यामुळं औसाकर, तो प्रश्नही बराचसा सुटेल असं वाटतं. आणि जे कुलूप लावून कारखान्यावर जातात त्यांचं बिल ते परत येईपर्यंत बंद, डिश तिथंच राहील.

सेनगावदादा, एक विचारायचं राहिलं. माझं एनएटी (सगळ्या घरांचे आतले पत्ते बदलून बाहेर एकच पत्ता दाखवणं) केजच्या राउटरवरच होतं. मग केकला घरं वेगवेगळी कशी दिसणार?

सेनगाव लिंक

केकमध्ये एनएटीचा पर्याय आहे, तो चालू करा, म्हणजे आतले आयपी (घराघरांचे पत्ते) दिसतात. घरागणिक वाटणीसाठी डाउनलोडला ड्युअल-डीएसटीहोस्ट, अपलोडला ड्युअल-एसआरसीहोस्ट ही सेटिंग ठेवा. सीपीयूवर लक्ष ठेवा, ४८० ला छोटा राउटर दमतो. तसं झालं तर पीसीक्यूवर या.