क्रायोनिक्सबद्दल घरच्यांना कसे समजवावे?

प्रश्न (परभणी) :
मृत्यूनंतर देह उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये जपून ठेवणे, म्हणजेच क्रायोनिक्स, आणि निरोगी आयुष्य लांबवण्याचे संशोधन, या दोन्ही विषयांवर मी बरेच वाचले असून दोन्ही मला मोलाचे वाटतात. मात्र घरात विषय निघाला की वडील ताटावरून उठतात आणि काका विचारतात, की पैठणला नाथांनीसुद्धा देह गोदावरीत ठेवला, मग तू कोण लागून गेलास? त्यांचा अवमान न करता हे कसे पटवावे?

उत्तर (उदगीर) :
मी पशुवैद्यक आहे. देवणी गाईला कृत्रिम रेतन करताना आम्ही नायट्रोजनच्या कंटेनरमधून चिमट्याने वळूच्या गोठवलेल्या वीर्याची कांडी काढतो आणि 37 अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरतो. कित्येकदा तो वळू केव्हाच मेलेला असतो, वासरू मात्र गोठ्यात उड्या मारते. वडिलांना हे एकदा दाखवा. अर्थात सुट्या पेशी गोठवणे सोपे, अख्खा अवयव अवघड, कारण बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात. तरीही 2023 मध्ये मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांची मूत्रपिंडे बर्फ होऊ न देता काचेसारखी गोठवून 100 दिवसांपर्यंत ठेवली, लोहाच्या सूक्ष्म कणांच्या साहाय्याने आतून एकसारखी तापवली आणि पुन्हा उंदरांत बसवली, तेव्हा ती काम करू लागली.

उत्तर (नांदेड) :
मी स्वतः साशंकांपैकी आहे. क्रायोनिक्सने जपलेला पहिला माणूस म्हणजे अमेरिकेतले जेम्स बेडफोर्ड; त्यांचा देह 12 जानेवारी 1967 रोजी गोठवला गेला. त्यांच्यासह आजवर एकही माणूस परत आलेला नाही. नायट्रोजन सतत उडून जातो, तो भरत राहावा लागतो, आणि कॅलिफोर्नियातील चॅट्सवर्थ येथे पैसे संपल्यावर देह अक्षरशः कुजले, हे 1979 मध्ये उघडकीस आले. हे लपवून कोणाला पटवू नका. शिवाय तुम्ही दोन विषयांची गल्लत करत आहात. 1947 च्या सुमारास भारतात सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होते, आज ते सत्तरच्या घरात आहे. या वाढीला तुमच्या काकांनी कधी आक्षेप घेतला आहे काय?

प्रश्नकर्ता :
वडिलांना दवाखान्यात नेले. कंटेनरचे झाकण उघडताच पांढरी वाफ बाहेर सांडली, ती ते बराच वेळ पाहत राहिले, आणि मग म्हणाले, "कांडीतला जीव मेलाच कुठं होता? तुमचं मढं तर मेलेलं असतंय."

उत्तर (उदगीर) :
वडिलांनी नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवले. हृदय थांबताच सगळ्या पेशी एकदम मरत नाहीत, म्हणूनच मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रदान स्वीकारले जाते. मेंदू मात्र बुबुळाइतका दम धरत नाही, आणि क्रायोनिक्सवाल्यांची सारी धडपड ती पहिली काही मिनिटे गाठण्यासाठीच असते. पुढच्या वेळी कांडीऐवजी नेत्रदानापासून सुरुवात करा.