मदत हवी आहे : अण्णांच्या अझासिटिडीनच्या दोन सायकल झाल्या, काउंट आणखी खाली. बंद करावं का?

मंडळी, नाशिकहून लिहितेय. अण्णांना (माझे वडील, वय ६९) जुलैत एमडीएस निघाला, म्हणजे अस्थिमज्जेत रक्तपेशी नीट तयार न होण्याचा आजार. त्याआधी दीड महिना लोहाच्या गोळ्या चालू होत्या, हिमोग्लोबिन काही सहाच्या वर सरकेना. मग अस्थिमज्जा तपासली. रिपोर्टात 'टेट-टू म्युटेशन' (जनुकातला बिघाड) लिहिलंय. ऑगस्टपासून पोटाच्या कातडीखाली अझासिटिडीन, दर २८ दिवसांनी सात इंजेक्शनं. शनिवार-रविवार डे-केअर बंद, म्हणून सोमवार ते शुक्रवार पाच आणि पुढच्या सोमवार-मंगळवारी दोन.

सुरू केलं तेव्हा प्लेटलेट ४२ हजार होत्या, आता १९ हजार. गेल्या महिन्यात रक्ताच्या तीन पिशव्या लागल्या. निफाडचे काका रोज फोन करतात, "औषधच खातंय त्याला, बंद कर." डॉक्टर म्हणतात सहा सायकल होईपर्यंत निकाल विचारू नका. ओपीडीत एवढी गर्दी की 'का' विचारेपर्यंत पुढचा नंबर पुकारतात.

घरच्या ग्रुपवर आलंय की हा आजार 'मिथाइल'चा आहे आणि फॉलिक ॲसिड, बी-ट्वेल्व्ह मिथाइल देतात. मग ते द्यायचं की टाळायचं? आणि हे म्युटेशन मला, भावाला असेल का?

प्रतिसाद :
ताई, मी डॉक्टर नाही, बायोकेमिस्ट्री शिकवायचो. डीएनएच्या अक्षरांपैकी 'सी'वर काही ठिकाणी मिथाइलचा इवलासा गट बसलेला असतो. अक्षर बदलत नाही, पण जनुकाच्या तोंडाशी असे गट दाटले की ते जनुक मिटून राहतं. एमडीएसमध्ये नको तिथे ते दाटतात. पेशीविभाजनाला आवर घालणारं पी-१५ जनुक असं बंद पडलेलं बऱ्याचदा सापडतं. हे गट काढायला सुरुवात करणारं एन्झाइम म्हणजे टेट-टू, आणि वडिलांच्या मज्जेत तेच बिघडलंय.

आता औषध. पेशी दुभंगण्याआधी डीएनएची प्रत निघते. जुन्या धाग्यावरचे गट बघून नव्या धाग्यावर ते लावायचं काम डीएनएमटी-१ हे एन्झाइम करतं. अझासिटिडीन 'सी'सारखंच दिसतं, म्हणून नव्या धाग्यात बेमालूम घुसतं. डीएनएमटी-१ कामाला येतं ते त्याला चिकटतं आणि सुटत नाही. जुन्या खुणा औषध खोडत नाही, त्या नव्या प्रतीत उतरू देत नाही, बस. त्यामुळे पेशींच्या पिढ्यांमागून पिढ्या जाव्या लागतात. शिवाय हे रक्तात फार वेळ टिकत नाही आणि त्या वेळी प्रत काढत असलेल्याच पेशी सापडतात, म्हणून सात दिवस आणि म्हणून महिनोन्‌महिने. अमेरिकेत २००४ साली याला एमडीएससाठी मान्यता मिळाली. किमान चार ते सहा सायकल हा सगळीकडचाच रिवाज आहे, तुमच्या डॉक्टरांची टाळाटाळ नाही.

प्रतिसाद :
आमच्या सासूबाईंचं अगदी हेच झालं होतं. पहिल्या दोन-तीन सायकलमध्ये काउंट पडतातच, पाचवीनंतर रक्त चढवणं लांबलं. सगळ्यांचं तसं होतं असं नाही हो, पण दुसरीला सोडू नका. ताप १००.४ झाला तर सकाळची वाट बघू नका, रात्री दोन वाजता असला तरी थेट दवाखाना. हिरड्यांतून रक्त, अंगावर लाल बारीक ठिपके, काळी शौच यांवरही लक्ष ठेवा. इंजेक्शनची जागा लाल होते, ती चोळू नका. औषध दुधट असतं, खाली बसतं, म्हणून टोचण्याआधी सिस्टर सिरिंज दोन्ही तळव्यांत रवीसारखी घुसळतात. पहिल्यांदा बघून मी घाबरले होते.

प्रतिसाद (पुन्हा बायोकेमिस्ट्रीवाला) :
गोळ्यांचं राहिलंच. मिथाइल शरीरात कमी की जास्त हा घोळच नाही, तो चुकीच्या जागी बसलाय हा आहे. बी-ट्वेल्व्हच्या कमतरतेतही मज्जा एमडीएससारखी दिसू शकते, म्हणून ते निदानाआधी तपासतात. जुना रिपोर्ट काढून बघा. कमी नसेल तर मनाने काही देऊ नका. टेट-टूचं म्युटेशन बहुतेक वेळा उतारवयात मज्जेतल्या पेशींतच झालेलं असतं, जन्मजात नसतं. तरी घराण्यात कुणाला रक्ताचा आजार असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

धागाकर्ती :
खूप आभार. बी-ट्वेल्व्ह जूनमध्येच तपासलं होतं, नॉर्मल आहे. ग्रुपवर कळवून टाकलं.

तिन्ही प्रतिसाद अण्णांना वाचून दाखवले. त्यांची चार एकर द्राक्षबाग आहे. ते म्हणाले, "म्हणजे खरड छाटणी झाली म्हण की. एप्रिलात वेल बोडका करतो, काडीत घड तयार होतो तो तेव्हाच. दिसतो ऑक्टोबर छाटणीनंतर. मधे कुणी बाग उपटतं का?" मग काकांना स्वतःच फोन लावला आणि हेच ऐकवलं. काका गप्प झाले, किंवा रेंज गेली असेल.

तिसरी सायकल सोमवारपासून. छाटणीही त्याच आठवड्यात आलीय. बागेत धुळीत जायचं नाही हे त्यांना कसं पटवायचं, ते सुचवा कुणीतरी.