गेम कन्सोल रिपेअरिंगमध्ये नोकरी करायची आहे, सुरुवात कुठून करू?

जुनीकॅसेट:
मंडळी सल्ला हवाय. सध्या ऑफिसात डेटा एंट्री करतो पण सगळा जीव जुन्या कन्सोलमध्ये अडकलाय. गेम बॉयच्या स्क्रीनवरच्या गेलेल्या उभ्या रेषा परत आणल्यात, सेगा गेम गिअरचा आवाज पार बसला होता तो कपॅसिटर बदलून सुरू केला, साधं सोल्डरिंग जमतं, मल्टीमीटर आहे. आता हेच पोटापाण्याचं काम करायचंय. नुसत्या रेट्रोवर नोकरी मिळते का? कोर्स करू की सरळ एखाद्या दुकानात शिकायला लागू? आणि आधी हॉट एअर (गरम हवेनं सोल्डर वितळवायचं यंत्र) घेऊ की मायक्रोस्कोप?

बोर्डलेव्हल:
नोकरी हवी असेल तर एचडीएमआय पोर्ट (टीव्हीची केबल लागते तो) बदलायला शिक, बाकी सगळं नंतर. दुकानात प्लेस्टेशन म्हणजे पीएस४ पीएस५ चे तुटलेले पोर्ट, चार्ज न होणारे निन्टेन्डो स्विच आणि ड्रिफ्ट होणाऱ्या (हात न लावता आपोआप सरकणाऱ्या) जॉयस्टिक हेच जास्त येतं. पोर्टचे जाड पाय बोर्डाच्या ग्राउंडला जोडलेले असतात, ते तांबं सगळी उष्णता ओढून घेतं, त्यात कंपनीचं लेड-फ्री (बिनशिशाचं) सोल्डर साधारण २१७ डिग्रीला वितळायला लागतं (आपलं ६३/३७ म्हणजे कथील-शिसंवालं १८३ ला), त्यामुळे घाईघाईत पोर्ट ओढला की खालचे पॅड (पिना जोडायचे तांब्याचे ठिपके) उपटून हातात येतात आणि मग एकेक पिनला जंपर वायर टाकत बसावं लागतं. म्हणून खालून प्रीहीटर, भरपूर फ्लक्स (सोल्डर नीट पसरावं म्हणून लावतात ते), आधी लेडवालं सोल्डर मिसळून घ्यायचं आणि पोर्ट हलक्या धक्क्याने सरकायला लागला की मगच उचलायचा. भंगारातले बोर्ड आण आणि त्यावर हात बसव. मायक्रोस्कोप आधी घे, १९ पिनांमधला एखादा बारीक ब्रिज (दोन पिना चिकटवणारं सोल्डर) नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

सर्किटताई:
वरच्यांचं बरोबरच आहे पण माझ्या मते माणूस पुढे जातो तो निदानावर. सोल्डरिंग सरावाने येतं, फॉल्ट शोधायची सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते. स्विच चार्ज होत नाही म्हटल्यावर लगेच पोर्ट बदलू नका, यूएसबी-सी मीटर लावा, मूळ चार्जर असूनही ५ व्होल्टवरच अडकला आणि १५ वर जातच नाही तर पोर्टाबरोबर चार्जिंग सांभाळणारी एम९२टी३६ चिपही तपासा. पीएस४ ची डिस्क ड्राइव्ह बदलताना जुन्या ड्राइव्हचा बोर्ड तसाच ठेवा, तो मदरबोर्डशी जोडी केलेला असतो, दुसरा लावला तर डिस्क वाचत नाही. पीएस५ चा हीटसिंक काढताना तर फार जपा, आतला लिक्विड मेटल (उष्णता ओढायला लावलेला पातळ धातू) वीज वाहून नेतो, एक थेंब शेजारच्या बारीक पार्टवर गेला तरी शॉर्ट होऊ शकतो. कोर्सचं म्हणाल तर जिथे स्कीमॅटिक (सर्किटचा नकाशा) वाचायला शिकवतात तोच करा, नुसत्या सर्टिफिकेटसाठी नको.

कार्ट्रिजवाला:
नुसत्या रेट्रोवर पगार अवघड आहे पण ते सोडू नकोस भाऊ, ही कामं करणारे हात कमी आहेत आणि यंत्रं रोज जुनी होतायत. २००१ चा पहिला एक्सबॉक्स कोणी आणला तर आधी घड्याळाचा कपॅसिटर बघ, शेवटचा १.६ बोर्ड सोडला तर बाकीच्यांत तो गळतो आणि बोर्डाचे ट्रेस (तांब्याच्या बारीक रेघा) खातो. काढून टाकला तरी मशीन चालतं, फक्त प्लग काढला की वेळ परत लावावी लागते. गेमच्या कॅसेटची सेव्ह बॅटरी (खेळलेलं जपून ठेवणारी) बदलण्याआधी गिऱ्हाइकाला विचार, बॅटरी निघाली की जुनी सेव्ह जाते, कुणाच्या लहानपणीचा गेम असतो तो, आधी डंपरने (कॅसेटमधला डेटा वाचणारं यंत्र) कॉपी काढून ठेव. निन्टेन्डोसाठी ३.८ आणि ४.५ एमएम चे गेमबिट (त्यांच्या खास स्क्रूचे पेचकस) लागतील. आणि पॉवर सप्लाय उघडलास तर प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहतो, मोजल्याशिवाय बोट लावायचं नाही म्हणजे नाही.

जुनीकॅसेट:
खूप खूप आभार सगळ्यांचे, मायक्रोस्कोप नक्की झाला. दुकानात विचारायला जाताना दाखवायला काय नेऊ?

बोर्डलेव्हल:
केलेल्या कामांचे आधीचे-नंतरचे क्लोजअप फोटो, आणि प्रत्येकाखाली काय मोजलं, काय सापडलं, काय बदललं ते दोन ओळीत. आणि फक्त कन्सोलवाल्यांकडे जाऊ नकोस, मोबाईल लॅपटॉपचं बोर्डकाम करणाऱ्यांकडेही विचार, हात तोच लागतो आणि रोजचं काम जास्त असतं.